आंबट पानाचं बारसं

लखनौच्या उत्तरेला, जानकीपुरममध्ये, नोव्हेंबर लागला की नर्सऱ्यांच्या दारात रोपांच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ओळीनं मांडल्या जातात. झेंडू, डेलिया, पेटुनिया आणि त्यांच्यामध्येच कुठेतरी एक बुटकं, रसरशीत देठांचं, तुकतुकीत पानांचं झाड. इथले माळी त्याला ‘बिगोनिया’ म्हणतात आणि इतक्या सहज म्हणतात की शब्द अवधीतलाच वाटावा. मराठीतही आपण बिगोनियाच म्हणतो. दुसरं नाव शोधायची गरज कुणाला वाटत नाही.

हे नाव एका माणसाचं आहे. मिशेल बेगाँ हा सतराव्या शतकातला फ्रेंच सरकारी अधिकारी. तो माळी नव्हता, वैद्य नव्हता, वनस्पतींचा अभ्यासकही नव्हता. त्याच्या नावाचं बारसं होण्याआधी याच कुळातल्या झाडांना निरनिराळ्या देशांत नावं होती, त्यांतली काही छापलीही गेली होती, आणि त्यांतल्या एका छपाईशी आपल्या नागरी लिपीचा थेट संबंध आहे. ही नावं एकाखाली एक कशी दबत गेली, ते मला सांगायचं आहे. त्यात वनस्पतिशास्त्र थोडं येईल. पण ते आल्याशिवाय नावांचं मोल कळणार नाही.

आधी झाड. बिगोनियाचं पान मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखं नसतं. एक बाजू रुंद, दुसरी अरुंद. देठाजवळ तर एक कान मोठा आणि एक लहान असावा तसं दिसतं. नर फुलं आणि मादी फुलं वेगळी, पण बहुधा एकाच झाडावर. नर फुलाला साधारणपणे चार पाकळ्या, दोन मोठ्या आणि दोन लहान, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. मादी फुलाच्या मागे अंडाशय असतो आणि त्याला बहुतेक वेळा तीन पंख. मादी फुलात मधमाशीला द्यायला परागही नसतो आणि सहसा मधही नसतो. तिची पिवळी, पीळदार कुक्षी मात्र लांबून पुंकेसरांसारखी दिसते. मधमाशी फसते, येते, रिकाम्या हातानं परतते. पण येताना अंगावर नर फुलाचा पराग घेऊन आलेली असते, आणि झाडाचं काम होऊन जातं. मग पंखांचं फळ वाळतं आणि त्यातून धुळीसारखं बारीक बी वाऱ्यावर उडतं. अशा दोन हजारांहून अधिक जाती आज नोंदलेल्या आहेत. सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या प्रजातींमध्ये बिगोनियाची गणना होते. (मराठी परिभाषेत ‘प्रजाती’ म्हणजे मोठा गट आणि ‘जाती’ म्हणजे त्यातला एकेक सभासद. पुढे हे शब्द याच अर्थानं येतील.)

ज्यांनी बिगोनिया फक्त कुंडीत पाहिला आहे त्यांना तो परदेशी पाहुणा वाटतो. सह्याद्रीत पावसाळ्यात हिंडणाऱ्यांना तसं वाटायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये घाटातल्या ओल्या कातळांवर, शेवाळलेल्या भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर फिकट गुलाबी फुलांची एक नाजूक वनस्पती उगवते. पानाच्या कडा दंतुर, देठ पाणीदार. ही बिगोनिया क्रेनाटा. पाऊस सरला की वरचा सगळा भाग वाळून जातो आणि कातळाच्या फटीत एक छोटा कंद पुढच्या आषाढाची वाट पाहत राहतो. कोकणाचं नाव मिरवणारी बिगोनिया कोंकनेन्सिस नावाची आणखी एक जातीही आहे. म्हणजे झाड आपलंच आहे. नाव तेवढं बाहेरून आलेलं.

आता या सगळ्या झाडांची एक खूण, जी डोळ्यांना दिसत नाही. पान किंवा देठ चावला तर आंबट लागतो. चुक्याच्या भाजीला आणि अंगणात उगवणाऱ्या आंबुशीला जो आंबटपणा असतो, तोच हा. त्याच्यामागे ऑक्झॅलिक आम्ल आहे. फार खाल्लं तर बाधतं, थोडं चालतं. नेपाळात बिगोनियाच्या एका जातीला ‘मगरकाँचे’ म्हणतात आणि तिची चटणी करतात. आणि बेगाँच्या आधीच्या नावांकडे पाहू लागलं, की हा आंबटपणा पुन्हापुन्हा भेटतो.

युरोपात छापलेल्या पुस्तकात बिगोनिया पहिल्यांदा दिसतो तो १६५१ साली. स्पेनच्या राजाचा वैद्य फ्रान्सिस्को हेर्नांदेस १५७० च्या दशकात मेक्सिकोत हिंडला होता. तिथल्या लोकांना विचारून विचारून त्यानं वनस्पतींची टिपणं केली. ती त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी छापली गेली आणि त्यांत बिगोनियाचं एक झाड आहे, ‘तोतोनकाशोशो कोयोल्लिन’ या नावानं. हे नाहुआत्ल भाषेतलं नाव. हेर्नांदेसनं ते बदललं नाही. कानावर पडलं तसं उतरवलं.

दुसरं नाव आपल्याकडचं. केरळच्या किनाऱ्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीचा प्रमुख होता हेंड्रिक व्हान ऱ्हीड. त्यानं मलबारच्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ करवून घेतला, ‘हॉर्टस मलबारिकस’. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. सातशेहून अधिक वनस्पती, मोठमोठी चित्रं. नवव्या खंडाचं साल १६८९. मराठी वाचकाला हे साल संभाजी महाराजांच्या मृत्यूमुळे ठाऊक असतं. त्या खंडात एका चित्राखाली ‘चेरिय नरिनंपुळि’ अशा उच्चाराचं नाव आहे. ‘चेरिय’ म्हणजे धाकटी, लहान. ‘पुळि’ म्हणजे आंबट, चिंच. ही दक्षिण सह्याद्रीतली बिगोनिया. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्यानं पान चाखलेलं होतं.

तिसरं नाव इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरचं. तिथे आयुष्य घालवलेला आणि पुढे आंधळा झालेला रुम्फियस याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर अठराव्या शतकात छापला गेला. त्यात बिगोनियाला लॅटिनमध्ये ‘एम्पेट्रम असेटोसम’ म्हटलं आहे. असेटोसम म्हणजे आंबट. मलबार आणि अंबोन यांच्यामध्ये समुद्र आहे, भाषा वेगळ्या, लिहिणारे वेगळे. जिभेनं मात्र साक्ष एकच दिली.

‘हॉर्टस मलबारिकस’पाशी थोडं थांबायला हवं, कारण इथे आपली लिपी येते. ऱ्हीडला एकट्यानं हे काम होणारं नव्हतं. त्यानं स्थानिक जाणकारांना गोळा केलं. त्यांतला मुख्य इट्टी अच्युतन हा ईळव समाजातला पिढीजात वैद्य. त्याच्याबरोबर कोचीतले तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट. हे लोक निघंटू उघडून झाडांची नावं आणि गुण पडताळून पाहत. आपण हे काम केलं आहे आणि ते खरं आहे, असं प्रमाणपत्र या तिघांनी १६७५ साली लिहून दिलं, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा एक वर्ष होत होतं. ऱ्हीडनं ते पत्र पहिल्या खंडात त्याच अक्षरांत छापलं. मराठी, कोकणी, हिंदी छपाईची कहाणी पुढे फार मोठी झाली. पण युरोपात छापल्या गेलेल्या नागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत हे पान मोजलं जातं. ग्रंथातल्या पुष्कळ चित्रांवरही झाडाचं नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलेलं आहे.

ऱ्हीड संत होता असं मला म्हणायचं नाही. तो व्यापारी कंपनीचा सेनापती होता. मिऱ्यांसाठी, दालचिनीसाठी, औषधांच्या पैशासाठी हे सगळं चाललं होतं. जे मजूर डोंगरात जाऊन, झाडांवर चढून फांद्या तोडून आणत, त्यांची नावं त्यानंही छापलेली नाहीत. तरी एवढं खरं, की माहिती कुणाकडून आली हे त्यानं ग्रंथाच्या दारातच, सह्यांसकट सांगितलं. या गोष्टीचं महत्त्व पुढच्या भागात कळतं.

ज्या १६८९ साली नवव्या खंडात ‘पुळि’ छापलं गेलं, त्याच साली शार्ल प्ल्युमिए नावाचा एक फ्रेंच संन्यासी कॅरिबियन बेटांकडे निघाला. राजाला तिथल्या वनस्पतींची पाहणी हवी होती. योग्य माणसं निवडायचं काम बेगाँकडे होतं आणि त्यानं निवडलेल्यांमध्ये प्ल्युमिए होता. प्ल्युमिए तीनदा तिकडे गेला, हजारो चित्रं काढली आणि परतल्यावर नव्या वनस्पतींना माणसांची नावं द्यायला लागला. हा प्रघात रुजवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. मॅग्नोलिया हे नाव त्याचं, पिएर मान्योल या वनस्पतिशास्त्रज्ञासाठी. फ्युशिया त्याचंच, लेओनहार्ट फुक्ससाठी. आणि वाकड्या पानांच्या त्या आंबट झाडाला त्यानं आपल्या आश्रयदात्याचं नाव दिलं. बेगोनिया हा शब्द तूर्नफोरच्या १७०० सालच्या ग्रंथात छापून आला. प्ल्युमिएचीही परतफेड झाली. आपल्या देवळांच्या आवारात दिसणारा पांढरा चाफा, ज्याला खुरचाफाही म्हणतात, तो मूळचा अमेरिकेतला. त्याच्या प्रजातीचं नाव प्लुमेरिया आहे ते प्ल्युमिएवरून. देवाला वाहिलेल्या फुलात एका फ्रेंच संन्याशाचं नाव आहे हे पुजाऱ्याला माहीत नसतं आणि त्यामुळे काही अडतही नाही.

कृतज्ञता वाईट नाही. ज्यानं आपल्याला संधी दिली त्याचं नाव एखाद्या झाडाला द्यावंसं वाटणं माणसासारखंच आहे. त्याच मॅग्नोलियाच्या एका वाणाला पुढे केरळच्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांचं नाव मिळालं. इंग्लंडमधल्या विझलीच्या बागेत त्यांनी केलेल्या कामाची ती खूण. मी जानकीच्याच नावाच्या वस्तीत राहते, त्यामुळे मला त्याचं जरा जास्तच कौतुक. सन्मानाचं नाव द्यायचंच तर ते असं, कामातून आलेलं असावं.

बेगाँचं काय होतं? तो १६८२ ते १६८५ या काळात फ्रेंच कॅरिबियन बेटांचा इंटेंडंट होता, म्हणजे महसूल, न्याय आणि कारभार पाहणारा राजाचा माणूस. या बेटांवर ऊस होता, साखरेचे कारखाने होते आणि ते चालवायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. त्यांच्यासाठी एक कायदा करायचा राजाच्या मनात आलं. बेटांवरच्या अधिकाऱ्यांकडून टिपणं मागवली गेली. गव्हर्नर-जनरल ब्लेनाक आणि इंटेंडंट बेगाँ यांनी मिळून फेब्रुवारी १६८३ मध्ये आपलं टिपण पाठवलं. आधीच्या इंटेंडंटचं एक टिपण होतंच. या मजकुरांतून १६८५ च्या मार्चमध्ये चौदाव्या लुईच्या सहीनं जो कायदा निघाला, त्याला ‘कोड नुआर’, काळी संहिता, असं म्हणतात.

तिच्यातली दोन कलमं सांगते. चव्वेचाळिसावं कलम म्हणतं की गुलाम ही जंगम मालमत्ता आहे. वारसांत वाटता येईल अशी. अडतिसावं कलम पळून गेलेल्यांसाठी. महिनाभर बेपत्ता राहिला तर कान कापायचे आणि एका खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर कापायची आणि दुसऱ्या खांद्यावर डाग. तिसऱ्यांदा मृत्यू. डाग कसला, तर ‘फ्लर-द-ली’चा, म्हणजे फ्रेंच राजघराण्याच्या लिलीच्या फुलाचा.

हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. फुलाचा आकार तापवून माणसाच्या खांद्यावर उमटवायचा, हे कागदावर लिहून ठेवलेलं होतं. आणि तो कागद तयार होण्यात ज्याचा हात होता, त्याचं नाव एका फुलाला मिळालं. कॅरिबियनहून परतल्यावर बेगाँ मार्सेयला राजाच्या वल्ह्यांच्या जहाजांचा इंटेंडंट झाला. ती वल्ही साखळदंडानं बांधलेले कैदी आणि गुलाम मारत. नंतर तो रोशफोरला गेला आणि १७१० मध्ये वारला. त्याचा दुसरा चेहरा खोटा नव्हता. तो पुस्तकं, चित्रं, नाणी, शंख-शिंपले जमवणारा रसिक होता. विद्वानांना मदत करायचा. एकाच माणसात दोन्ही मावतं. मावत नाही असं आपल्याला वाटतं, ते आपलं भोळेपण.

बेगाँचं नाव कायमचं झालं ते लिनीअसमुळे. १७५३ च्या आपल्या ग्रंथात त्यानं बेगोनिया ही प्रजाती स्वीकारली आणि तिच्यात एकच जाती नोंदली, बेगोनिया ओब्लिका. ओब्लिका म्हणजे तिरकी. पानाकडे पाहून ठेवलेलं नाव. वनस्पतींच्या नावांचा कायदा याच सालापासून मोजतो. आधीची नावं, मग ती कुणीही आणि कितीही विचारून ठेवलेली असोत, मोजणीत धरली जात नाहीत. म्हणून १७८५ मध्ये लामार्कनं ‘हॉर्टस मलबारिकस’मधल्या त्या धाकट्या आंबट झाडाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा ते झालं बेगोनिया मलबारिका. गाव राहिलं, चव गेली.

मग कामाला वेग आला. १७९१ मध्ये लंडनमध्ये जोनास ड्रायँडर या स्वीडिश अभ्यासकानं बिगोनियांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. आपल्या घाटातली बिगोनिया क्रेनाटा हे त्यानं दिलेलं नाव. क्रेनाटा म्हणजे दंतुर कडांची. मुंबई इलाख्यात निकोल डाल्झेल या स्कॉटिश अधिकाऱ्यानं १८५१ मध्ये आणखी दोन जाती वर्णन केल्या: ट्रायकोकार्पा, केसाळ फळांची, आणि इंटेग्रिफोलिया, अखंड पानांची. डाल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ चा. लक्षात घेण्यासारखं हे, की प्रजातीचं नाव साहेबाचं असलं तरी या दुसऱ्या नावांनी झाडाकडे नीट पाहिलेलं आहे. तिरकी, दंतुर, केसाळ, कोकणातली. नर्सरीच्या पाटीवर ही दुसरी नावं येत नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाहीत.

गिब्सनचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं आणि गिब्सन त्याचा प्रमुख होता. १८४७ ते १८५० च्या सुमारास त्यानं एका हिंदी चित्रकाराकडून तिथल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत, त्यांच्यावर सुंदर ग्रंथही निघाला आहे. चित्रकाराचं नाव मात्र कुठेही नोंदलेलं नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोचीच्या तीन वैद्यांच्या सह्या छापल्या गेल्या होत्या. दापोडीला पोहोचेपर्यंत एवढंही उरलं नाही. ज्ञान वाढत गेलं, ऋण मान्य करायची सवय मात्र कमी होत गेली.

याच सुमारास लखनौ या कहाणीत येतं, तेही योगायोगानं. १८५६ मध्ये आसामातून युरोपला गेलेल्या ऑर्किडांच्या गाठोड्यात एक बिगोनिया चुकून निघून गेला. चंदेरी पट्ट्याची, गर्द, मोठी पानं. पुढच्या वर्षी, १८५७ मध्ये, पुट्झेस या बेल्जियन माणसानं त्याचं नाव ठेवलं बेगोनिया रेक्स. रेक्स म्हणजे राजा. १८५६ च्या फेब्रुवारीत कंपनी सरकारनं वाजिद अली शाहाला गादीवरून उतरवून अवध खालसा केलं होतं. त्यानं बेगमेसाठी बांधलेल्या सिकंदरबागेत १८५७ च्या नोव्हेंबरमध्ये भयंकर लढाई झाली. इथला राजा गेला आणि त्याच दिवसांत इथूनच बाहेर गेलेल्या एका पानाला तिकडे राजा म्हटलं गेलं. आज त्याच सिकंदरबागेच्या परिसरात राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. घराघरांत कुंडीत ठेवली जाणारी रंगीत पानांची बिगोनिया बहुतेक त्या आसामी राजाची संकरित संतती.

मग हे नाव बदलावं का? लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला या प्रश्नाचं एक उत्तर रस्त्यातच मिळतं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीनं इथे १९२६ मध्ये संगीत महाविद्यालय निघालं, त्याला नाव मिळालं प्रांताचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचं. ‘मॅरिस कॉलेज’. चाळीस वर्षांनी, १९६६ मध्ये, ते भातखंड्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. आश्रय देणाऱ्याचं नाव गेलं आणि काम करणाऱ्याचं आलं. कुणाला काही चुकलं असं वाटलं नाही.

झाडांच्या बाबतीत हे इतकं सोपं नाही. त्याचं कारण मला जानकीपुरमातच समजतं. आमच्या वस्तीच्या विस्तारात केंद्रीय औषधी संशोधन संस्था आहे. तिथे ज्या वनस्पतींवर काम झालं त्यांत ब्राह्मी आहे. आता ‘ब्राह्मी’ म्हणजे कोणती? आपल्या देशात किमान दोन निराळ्या वनस्पतींना हे नाव आहे. एक ओलसर जागी पसरणारी, जाड इवल्या पानांची. दुसरी बेडकाच्या पायासारख्या गोल पानांची, जिला मंडूकपर्णीही म्हणतात. दोन्ही औषधी, पण वेगळ्या. संशोधकानं बाकोपा मोनिएरी असं लिहिलं की टोकियोतल्या माणसालाही कळतं की पहिली. नाव स्थिर असणं हे इथे दिखाऊ शिस्त नसून औषधाच्या बाटलीतल्या खात्रीचा प्रश्न आहे. बेगोनिया बदलायचं तर दोन हजारांवर जातींची नावं बदलतील, आणि तीनशे वर्षांच्या नोंदींना नवी चावी लागेल.

तरी हा प्रश्न आता कपाटात बंद राहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये माद्रिदला आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या वेळी नावांच्या नियमांवर मतदान झालं. ‘काफ्रा’ हा शब्द असलेली नावं बदलायचं ठरलं, कारण त्यामागचा शब्द दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांना हिणवण्यासाठी वापरला जात होता. आपल्या पांगाऱ्याचा एक आफ्रिकी भाऊबंद एरिथ्रिना काफ्रा होता, तो आता एरिथ्रिना आफ्रा. ३५१ मतं बाजूनं पडली, २०५ विरोधात. २०२६ पासून प्रसिद्ध होणारं एखादं नवं नाव कुणा समाजाचा अपमान करणारं असेल तर ते नाकारण्याची सोयही ठेवली गेली. जुन्या, माणसांच्या सन्मानार्थ ठेवलेल्या नावांना मात्र हात लावलेला नाही. बेगोनिया सुरक्षित आहे.

मला विचाराल तर ते राहू द्यावं. नाव पुसलं तर सत्ता कुणाकडे होती याचा पुरावाही पुसला जाईल, आणि पुढच्या वाचकाला काळ्या संहितेपर्यंत नेणारी ही वाट बुजेल. पण हे म्हणणं माझ्यासाठी स्वस्त आहे, हेही मला कळतं. माझ्या कुठल्या पणजीच्या खांद्यावर लिलीचं फूल डागलेलं नव्हतं. मार्तिनिकच्या एखाद्या बाईनं ‘हे नाव माझ्या अंगणात नको’ म्हटलं, तर शास्त्राच्या सोयीचं कारण तिला सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

माझ्या हातात आहे ते एवढंच, की शास्त्राचा कायदा फक्त लॅटिन नावांना लागू आहे. मराठीला तो लागू नाही, हिंदीला नाही, मल्याळमला नाही. आपण बिगोनिया म्हणतो ते सक्तीनं नव्हे, सवयीनं. आंबुशी, आंबुटी, चुका अशी जिभेवर तपासलेली नावं मराठीत पुष्कळ आहेत. घाटातल्या वस्त्यांवर बिगोनियालाही काही म्हणत असतील. ते ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहून ठेवावं, शाळेच्या सहलीत मुलांना सांगावं, बागेतल्या पाटीवर लॅटिन नावाच्या शेजारी घालावं. दोन नावं एकत्र नांदू शकतात. ‘हॉर्टस मलबारिकस’च्या चित्रांवर तर ती चार चार लिप्यांत नांदत होती.

रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट यांनी १६७५ साली जो कागद लिहून दिला, त्यात त्यांनी कुठल्या झाडाला आपलं नाव मागितलं नव्हतं. आम्ही पाहिलं, आम्ही पडताळलं, आणि हे आम्ही सांगितलं, एवढंच ते म्हणत होते. खाली आपल्या अक्षरात सह्या केल्या होत्या. ॲमस्टरडॅमच्या कोरक्याला ती अक्षरं वाचता येत नसणार. पण त्यानं ती एकेक वळण सांभाळून तांब्याच्या पत्र्यावर उतरवली, आणि म्हणून ती आजही वाचता येतात.